बैठका बंद करू नका, मोजून द्या : बडोद्याच्या व्यायामशाळा आणि क्रीडामंडळांना खुलं पत्र

सन्माननीय चालक, वस्ताद, प्रशिक्षक आणि आयोजक मंडळी,
सप्रेम नमस्कार.

आषाढ लागला की, मध्ये अधिक महिना आला नाही तर, नवरात्र साधारण बारा आठवड्यांवर येतं. गुडघ्याच्या झिजेवरचा व्यायाम नीट लागू पडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहोत. गरब्याच्या तिसऱ्या रात्री सुजलेला गुडघा घेऊन कोणी दवाखान्यात आला, तर बर्फ, पट्टी आणि विश्रांती याखेरीज त्याला देण्यासारखं फारसं काही नसतं.

आम्ही या शहरात काम करणारे काही अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट आहोत. विषय आहे चाळिशी ते साठीतल्या खेळाडूंचा. शाळा-कॉलेजात खो-खो, कबड्डी, क्रिकेट खेळलेले, मल्लखांबावरून उड्या टाकलेले, आणि आजही पहाटे कमाटीबागेत धावणारे, रविवारी बॅडमिंटन खेळणारे, हिवाळ्यातल्या मॅरेथॉनला नाव घालणारे हे लोक. गुडघा कुरकुरू लागला की त्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं : "गुडघ्यातलं ग्रीस संपलंय."

या एका शब्दानं बरंच नुकसान केलं आहे. ग्रीस संपलं म्हटलं की दोनच गोष्टी सुचतात. एकतर यंत्र बंद ठेवा, नाहीतर वरून ग्रीस भरा. पहिल्यापायी हॉलमध्ये फर्मान निघतं, "आजपासून बैठका बंद." दुसऱ्यापायी माणूस हजारो रुपये मोजून 'जेलची सुई' टोचून येतो आणि पंधरवड्यात पुन्हा कोर्टवर उतरतो. दोन्ही रस्त्यांनी मांडी बारीक होत जाते आणि गुडघ्यावरचा भार वाढत जातो.

सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या पाण्यातून होतं. भार पडला की ती ओल्या स्पंजासारखी दबते, भार उतरला की पाणी शोषून घेते. म्हणजे दाब आणि सूट हेच तिचं जेवणखाण, आणि खाटेवर पडून राहिलेल्या गुडघ्याला ते मिळत नाही. दुखतं ते कूर्चेखालच्या हाडात, सांध्याच्या आतल्या अस्तरात, भोवतालच्या पिशवीत. म्हणून एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. एक्स-रेवरून झिजेचे शून्य ते चार असे टप्पे पाडण्याची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडली, ती आजही वापरात आहे. पण तिसऱ्या टप्प्याचा गुडघा घेऊन आनंदानं धावणारे लोक आहेत आणि पहिल्या टप्प्यावरच ज्यांना जिना उतरवत नाही असेही आहेत. "डॉक्टरांनी गॅप दाखवली" एवढ्यावरून कुणाला खेळातून उठवू नका.

धावण्यामुळे गुडघे जातात, हाही समज सोडा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात गुडघा किंवा खुब्याची झीज हौशी धावकांत ३.५ टक्के, बैठी राहणी असलेल्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के आढळली. मध्यममार्गी माणूस सर्वांत सुखी निघाला. खरा धोका जुन्या दुखापतीचा असतो. विशीत कबड्डीत गुडघा पिरगळून आतला लिगामेंट तुटला असेल, तर पुढच्या दहा ते वीस वर्षांत अशा लोकांपैकी साधारण निम्म्यांच्या एक्स-रेत झीज दिसते. तेव्हा नाव नोंदवताना वयाआधी "गुडघा कधी पिरगळला होता का, ऑपरेशन झालं होतं का?" हे विचारा.

आता कुणाला हॉलमध्ये घ्यायचं आणि कुणाला आधी आमच्याकडे पाठवायचं. वय पंचेचाळीसच्या पुढे, दुखणं हालचालीबरोबर वाढणारं, आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटणारा, एवढं जुळलं तर ती बहुधा झीज असते. एक्स-रे नसला तरी व्यायाम सुरू करता येतो. ताठरपणा तासभर टिकत असेल, बोटांचे सांधेही सुजत असतील, तर संधिवाताची तपासणी हवी. गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप, असं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. सांध्यात पू झाला असेल तर एक रात्रही महागात पडते. गुडघा अडकून सरळच होत नाही, पोटरी एकाएकी सुजून दुखते, रात्री झोपेतून उठवणारी कळ येते, हेही थांबण्यासारखं नाही. आणि मांडी घालताना जांघेत दुखत असेल तर खुबा तपासून घ्या. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि लोक वर्षभर गुडघ्यालाच तेल चोळत बसतात.

एक्स-रे काढलाच तर तो उभ्यानं काढलेला हवा. झोपून काढलेल्या एक्स-रेत भार नसतो, त्यामुळे कमी झालेली जागा नीट दिसतच नाही. एमआरआयची घाई तर मुळीच नको. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये पन्नाशीपुढच्या सर्वसाधारण लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा ज्यांची गुडघ्यातली गादी (मेनिस्कस, दोन हाडांमधली चकती) फाटलेली दिसली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघ्याचा काहीही त्रास झालेला नव्हता. "गादी फाटली आहे" हे वाक्य पन्नाशीत "केस पिकले आहेत" याच्या जवळचं आहे.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचं इथंच सांगून टाकतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, १८० रुग्णांवरच्या चाचणीत काहींचा गुडघा दुर्बिणीतून धुतला-खरवडला आणि काहींना नुसते वरवर छेद दिले. दोन्हींचा परिणाम सारखाच निघाला. २०१३ साली फिनलंडमध्ये १४६ जणांच्या झिजून फाटलेल्या गादीबाबत हेच दिसलं. तरुणाची ताजी दुखापत, खरोखर अडकलेला गुडघा, या वेगळ्या गोष्टी. पन्नाशीतल्या झिजेसाठी मात्र "दुर्बीण टाकून साफ करून घे" हा सल्ला हॉलमधून देऊ नका.

एक तपासणी प्रत्येक वस्तादाला यायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. सांध्यात पाणी आहे का, ती ही. माणसाला उताणं झोपवा, गुडघा सरळ, मांडी सैल. वाटीच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूला, एक खळगी दिसते. तळहातानं त्या बाजूवरून खालून वर, मांडीच्या दिशेनं, दोन-तीनदा हलकं निपटून घ्या. खळगी रिकामी होईल. आता वाटीच्या बाहेरच्या बाजूवरून वरून खाली एकदा हात फिरवा आणि नजर आतल्या खळगीवर ठेवा. तिथं काहीच हललं नाही तर पाणी नाही. छोटी लाट आली तर थोडं आहे. बाहेरून हात फिरवायच्या आधीच खळगी आपोआप भरून आली, तर पाणी चांगलंच आहे. वीस-तीस मिलिलिटर, म्हणजे चार-सहा चहाचे चमचे पाणी साचलं तरी मांडीचा पुढचा स्नायू आतून ढिला पडतो. माणूस आळस करत नसतो, स्नायूकडे जाणारा हुकूमच अर्ध्यावर येतो. अशा दिवशी "जोर लाव" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. खळगी आपोआप भरत असेल तर त्या दिवशी उड्या, धावणं, वळणं बंद, आणि फक्त खाली दिलेला भिंतीचा व्यायाम करायचा.

आता बैठक. आपल्या पारंपरिक बैठकीत माणूस टाचा उचलून चवड्यांवर खाली जातो, नितंब टाचांना टेकतात, गुडघे बोटांच्या बरेच पुढे येतात, आणि हे सगळं हातांच्या झोक्यावर, वेगात, पन्नास-शंभराच्या मोजणीनं चालतं. पंचविशीत ते उत्तमच. झिजलेल्या गुडघ्यात मात्र त्या खोल कोनात वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते, आणि वेगामुळे खालच्या टोकाला स्नायू सोडून सांधाच धक्का झेलतो. दोष बैठकीत नाही, खोली, वेग आणि संख्या यांत आहे. ही तीन मापं हातात घेतली की तीच बैठक औषध होते.

पहिले दोन आठवडे भिंत. पाठ भिंतीला टेकवून, पावलं दीड-दोन फूट पुढे ठेवून, गुडघे ४५ ते ६० अंशांत वाकतील इतकंच खाली सरकायचं आणि ३० ते ४५ सेकंद थांबायचं. असं पाच वेळा, मध्ये एक-दोन मिनिटं उसंत. सांधा हलत नाही, स्नायूवर मात्र पूर्ण ताण येतो, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यालाही हे सहसा सोसतं.

त्याच दिवसांत स्टुलावरची बैठक सुरू करा. खुर्चीवर जाजमाच्या घड्या घालून उंची सुमारे ५० सेंटिमीटर करा. पावलं खांद्याइतकी रुंद, बोटं किंचित बाहेर, टाचा पूर्ण जमिनीवर. आधी नितंब मागे न्यायचे, मग गुडघे वाकवायचे. तीन मोजत खाली, बसकणीला नुसता स्पर्श, एक मोजत थांबणं, दोन मोजत वर. आठ ते दहा बैठका, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. शेवटच्या दोन बैठका जड वाटल्या पाहिजेत, पण अजून दोन-तीन निघाल्या असत्या असंही वाटलं पाहिजे. सहज पंचवीस निघत असतील तर तो व्यायाम नाही, टाइमपास आहे.

पुढे कधी जायचं? व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी तिन्ही फेऱ्या नीट झाल्या की बसकण पाच सेंटिमीटर उतरवा, किंवा छातीशी दोन ते पाच किलो वजन धरा. दोन्ही एकदम नको. छोटा मुद्गल उभा धरून चालतो, पाण्याची भरलेली बाटलीही चालते. सहाव्या आठवड्यापर्यंत बहुतेकांनी साध्या खुर्चीच्या उंचीवर, म्हणजे ४३ ते ४५ सेंटिमीटरवर, थोडं वजन घेऊन यावं. फार जड वजनांचा हट्ट नको. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ३७७ लोकांना दीड वर्ष व्यायाम दिला होता, आणि जड वजनांचा गट हलक्या वजनांच्या गटापेक्षा दुखण्यात सरस ठरला नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून पायरी घ्या. १५ ते २० सेंटिमीटरची एक पायरी, दुखरा पाय वर, चढायचं आणि मग तीन मोजत उतरायचं, आठ-आठच्या तीन फेऱ्या. आरसा समोर असू द्या. उतरताना गुडघा आतल्या बाजूला कोसळतो का, कंबर एका बाजूला झुकते का, हे पाहा. कोसळत असेल तर पायरी निम्मी करा आणि नितंबाच्या बाजूच्या स्नायूंसाठी कुशीवर झोपून पाय उचलण्याच्या पंधराच्या दोन फेऱ्या जोडा. पोटऱ्यांना विसरू नका. चवड्यांवर उठणं, बाराच्या तीन फेऱ्या, आधी दोन्ही पायांवर, मग एका. मल्लखांब आणि बॅडमिंटनवाल्यांचा धक्का झेलणारी पहिली स्प्रिंग पोटरी आहे, आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं.

उड्या नवव्या आठवड्याच्या आधी नकोत. तेव्हाही १५-२० सेंटिमीटरवरून दोन्ही पायांवर उतरणं, आवाज न करता, एकूण वीस ते तीस. पाय धप्पकन वाजला तर तो धक्का स्नायूनं नव्हे, सांध्यानं घेतला असं समजा.

दुखणं किती चालेल, हा प्रश्न रोज येईल. आपल्याकडे फरक रुपयात सांगतात, दुखणंही रुपयात विचारा. आठ आण्यांपर्यंत दुखलं तरी चालतं, म्हणजे दहापैकी पाच. अट एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्यायामाआधीच्या पातळीवर उतरलेलं असलं पाहिजे. आठ आण्यांच्या वर गेलं, किंवा सकाळी चढलेलंच राहिलं, तर पुढच्या वेळी संख्या निम्मी करा, पण बंद करू नका. पहिल्या तीन आठवड्यांत थोडं दुखणं वाढतंच, आणि नेमके त्याच वेळी लोक सोडून जातात. "व्यायामानं झीज वाढली" ही समजूत तिथूनच जन्मते. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंत तर गळती बरीच कमी होईल. गुडघ्यातल्या कटकट आवाजाचंही तसंच. न दुखता आवाज येत असेल तर येऊ द्या.

एवढ्यानं खरंच होतं का, ही शंका रास्त आहे. अमेरिकी सैन्याच्या रुग्णालयांत झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५६ रुग्णांपैकी निम्म्यांना स्टिरॉइडची इंजेक्शनं आणि निम्म्यांना फिजिओथेरपी दिली. वर्षाअखेरीस त्रासाचे गुण, शून्य ते २४० या पट्टीवर, इंजेक्शनवाल्यांचे ५५.८ आणि फिजिओथेरपीवाल्यांचे ३७ होते. कमी गुण म्हणजे कमी त्रास. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून झिजेच्या रुग्णांसाठी दोन माहितीवर्ग आणि सहा आठवड्यांत बारा सामूहिक व्यायामवर्ग अशी योजना चालते. त्यासाठी लागतं काय, तर एक हॉल, खुर्च्या, आरसा आणि मोजणारा माणूस. बडोद्यात याची वानवा नाही. प्रो. माणिकरावांच्या काळापासून जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नाव कसरतीइतकंच हाडं बसवण्यासाठीही घेतलं गेलं. आखाडा आणि उपचार इथं कधी परके नव्हते.

गरब्याबद्दल. अनवाणी पाय, कडक मैदान, दोन-तीन तास, आणि फेरी एकाच दिशेनं फिरत असल्यानं ठरावीक पायावर पडणारा पीळ. झिजलेल्या गुडघ्याला ताल सोसतो, हा पीळ सोसत नाही. पाऊल जमिनीवर रोवून अंग फिरवण्याऐवजी चवडा उचलून पावलासकट फिरायला शिकवा. बसून उठायच्या स्टेप्स पहिल्या दोन रात्री नकोत. बारा आठवड्यांत शेवटचे चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, आधी वीस मिनिटं, मग तीस, मग पंचेचाळीस, असा प्रत्यक्ष गरबाच खेळवा. वर्षभर खुर्चीत बसलेला गुडघा घटस्थापनेला एकदम तीन तास फिरवणं हीच मूळ गडबड आहे. घागरा पाच-सहा किलोंचा असेल तर शेवटची तालीम तो घालूनच करा.

धावणाऱ्यांसाठी : एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, आठ वेळा, इथून सुरुवात. एका मिनिटात पावलं किती पडतात ते मोजा आणि वेग तोच ठेवून ती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा. १६० पडत असतील तर १६८ पुरे. पाऊल आखूड पडतं, अंगाच्या जवळ पडतं, आणि गुडघ्यावरचा ताण कमी होतो. यासाठी बूट बदलावे लागत नाहीत. पावागढच्या पायऱ्यांचा सराव काही गट आवडीनं करतात. गुडघ्यात मोजणी यंत्र बसवलेल्या रुग्णांवर पाहिलं तेव्हा सपाट चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, चढताना तिपटीहून थोडा जास्त आणि उतरताना साडेतीनपट भार पडत होता. तेव्हा चढा पायी आणि उतरताना माचीपर्यंत रोपवेनं या. देवीला दोन्ही सारखंच.

खो-खोच्या ज्येष्ठांच्या मैत्रीपूर्ण सामन्यांत उकिडवं बसून झटक्यानं उठणं गुडघ्याला सगळ्यांत महाग पडतं. बसणाऱ्यानं उभ्यानंच वाकून 'खो' घेतला तरी चालेल असा स्थानिक नियम करा. नियम बांधणं या गावाला नवं नाही. हिंद विजय जिमखान्यानं १९२३ साली हुतूतूचे नियम ठरवून स्पर्धा भरवली होती.

सुयांविषयी स्पष्ट बोलतो. सुजून गरम झालेल्या गुडघ्याला स्टिरॉइडची एक सुई काही आठवडे आराम देते आणि त्या अवधीत व्यायाम सुरू करता येतो, तिचा उपयोग तेवढाच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर बारा आठवड्यांनी, दोन वर्षं ही सुई दिली. दुखण्यात खाऱ्या पाण्याच्या सुईपेक्षा फरक पडला नाही आणि कूर्चा मात्र जास्त झिजली. मधुमेह्याची साखर काही दिवस चढते. पुढच्या तीन महिन्यांत सांधा बदलायचा असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणि स्पर्धकांनी हेही लक्षात घ्यावं की १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात स्टिरॉइडचं कोणतंही इंजेक्शन, सांध्यातलं धरून, जागतिक उत्तेजकविरोधी नियमांत निषिद्ध आहे. सामन्याच्या आदल्या आठवड्यात "सुई मारून उतर" असं सांगणारा माणूस खेळाडूचा हितचिंतक नाही.

'ग्रीस'ची, म्हणजे हायलुरोनिक आम्लाची सुई : मोठ्या अभ्यासांत तिचा फायदा इतका थोडा निघाला की ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ती देऊ नये असंच म्हटलं आहे. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीची २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २८८ लोकांवर खाऱ्या पाण्याशी तुलना झाली. वर्षभरानं ना दुखण्यात लक्षणीय फरक होता, ना कूर्चेत. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या १५८३ लोकांवर तपासल्या गेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेला एकूण निष्कर्ष तोच. हे डबे कृपया तुमच्या काउंटरवर विकू नका. तेलाची मालिश हवी तर करा, बरं वाटतं, पण ती बैठकीच्या जागी येऊ शकत नाही.

वेदनाशामक मलम मात्र लोक समजतात त्यापेक्षा कामाचं आहे, फक्त मात्रा चुकते. गुडघ्यासाठी एक टक्का डायक्लोफेनॅक जेल एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा असं लावतात. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. वाटाण्याएवढं लावून "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांनी औषध खऱ्या अर्थानं लावलेलंच नसतं. डॉक्टरांना विचारून सुरू करा, वरून शेक किंवा घट्ट पट्टी नको, आणि सोबत त्याच जातीची गोळी नको. दौडीच्या मंडपात वेदनाशामक गोळ्या वाटणं तर पूर्ण बंद करा. घाम गेलेलं शरीर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि वर ही गोळी, या तिघांच्या मेळानं मूत्रपिंडाला इजा होते, आणि चाळिशीपुढच्या धावकांत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे कमी नसतात.

वजनाचं गणित छोटं आहे. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. सकाळच्या दौडीनंतर सेव-उसळीवर सगळ्या गटानं तुटून पडायची जी रीत आहे, तिच्याबद्दल आम्ही एवढंच म्हणू की आठवड्यातून एकदा. नी-कॅपनं ऊब आणि धीर मिळतो, भार कमी होत नाही. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील आणि झीज आतल्या बाजूलाच असेल, तर भार सरकवणारा विशेष पट्टा मिळतो, तो मापानं करून घ्यावा लागतो.

याच धनुष्याकार पायांच्या, साठीच्या आतल्या खेळाडूंसाठी एक ऑपरेशन आहे ज्याचं नाव हॉलमध्ये फारसं घेतलं जात नाही. नडगीचं हाड वरच्या टोकाला कापून पायाचा कोन सरळ करतात आणि प्लेटनं बसवतात. सुमारे सहा आठवडे कुबड्या, हाड जुळायला तीन महिने किंवा जास्त, खेळायला सहा महिने ते वर्ष. सांधा स्वतःचाच राहतो. पूर्ण सांधा बदलण्याची घाई पन्नाशीत करू नये, याला आकडा आहे. ब्रिटनमधल्या नोंदींवरून २०१७ साली काढलेला निष्कर्ष असा की पन्नाशीच्या सुरुवातीला सांधा बदललेल्या पुरुषांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, तर सत्तरीनंतर बदलणाऱ्यांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असतं. तरीही बारा आठवड्यांचा व्यायाम मनापासून करूनही रात्रीची झोप उडत असेल, पाय पूर्ण सरळ होत नसेल, तर थांबण्यात शहाणपण नाही. अशांना वेळेवर पाठवा.

तुमच्याकडून हवं आहे ते इतकंच. आषाढातल्या पहिल्या सोमवारपासून चाळिशीपुढच्यांची वेगळी बारा आठवड्यांची तुकडी, सोम-बुध-शुक्र, पाऊण तास. एका वेळी बारा-पंधरांपेक्षा जास्त नकोत, कारण त्यापुढे मोजणाऱ्याची नजर पुरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाची चाचणी घ्या. ४३ सेंटिमीटरच्या खुर्चीवरून, हात छातीवर घडी घालून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वर्षांच्या साध्या पुरुषाला १४ आणि बाईला १२ पेक्षा कमी आले तर ते सरासरीच्या खाली धरतात. पंचेचाळिशीतल्या खेळाडूला एवढे आले नाहीत तर त्याचं मूळ दुखणं मांडीत आहे.

प्रत्येकाची एक वही ठेवा आणि पानावर पाच रकाने आखा : तारीख, बसकणीची उंची, बैठका आणि वजन, दुखणं आण्यांत (त्याच वेळचं आणि दुसऱ्या सकाळचं), आणि खळगीतलं पाणी. कुणाला आमच्याकडे पाठवलंत तर एक्स-रेच्या पाकिटाबरोबर ही वहीही पाठवा. आम्ही आधी ती उघडू.

कळावे,
आपले,
बडोद्यातील काही अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट